प्रकरण अभ्यास : ऑस्कर मॅथिसननं १९१६ मध्ये हौशी स्केटिंग सोडलं तेव्हा

खेळाडूनं घेतलेला निर्णय आपण बहुतेक वेळा निकालावरून तपासतो. पदक आलं तर निर्णय बरोबर, हुकलं तर चुकला. नॉर्वेचा स्पीड स्केटर ऑस्कर मॅथिसन याच्या बाबतीत असं करायला गेलं की उत्तर झटकन मिळतं, पण ते त्याच्यावर अन्याय करणारं असतं. पाच वेळा जगज्जेता झालेला हा माणूस १९१६ मध्ये व्यावसायिक झाला आणि हौशी खेळाची दारं त्याला बंद झाली. आठच वर्षांनी पहिलं हिवाळी ऑलिंपिक भरलं. त्या निर्णयाच्या वेळी त्याच्यापुढे काय होतं, काय नव्हतं आणि दुसरा रस्ता होता का, हे इथे क्रमानं पाहू.

पार्श्वभूमी

मॅथिसनचा जन्म ४ ऑक्टोबर १८८८ चा, क्रिस्टियानियाचा. याच शहराला १९२५ पासून ओस्लो म्हणतात. स्केटिंग घरातच होतं. थोरला भाऊ सिगुर्ड १९०४ मध्ये जगज्जेता झाला, तेव्हा ऑस्कर पंधरा वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला. नव्यानं स्वतंत्र झालेल्या त्या छोट्या देशाला जगापुढे मिरवायला माणसं हवी होती. ती मिळाली बर्फातूनच. १९११ च्या डिसेंबरात आमुंडसन दक्षिण ध्रुवावर पोचला, पण त्याच्या आधीच, १९०८ मध्ये, एकोणीस वर्षांचा मॅथिसन ट्रॉनहाइमला जगज्जेता होऊन बसला होता.

हा खेळ आपल्याकडे फारसा पाहिला जात नाही, म्हणून थोडं सांगायला हवं. तेव्हाची जागतिक स्पर्धा दोन दिवस चाले आणि त्यात ५००, १५००, ५,००० आणि १०,००० मीटर अशी चार अंतरं असत. सगळे एकदम सुटत नाहीत. दोघादोघांची जोडी धावते, एक आतल्या लेनमध्ये, दुसरा बाहेरच्या. दोघांना सारखंच अंतर पडावं म्हणून प्रत्येक फेरीत ते लेन बदलतात. शेजारच्याला मागे टाकून भागत नाही. खरी लढत घड्याळाशी असते, आणि सकाळी धावलेल्या कुणाची तरी वेळ दुपारी धावणाऱ्याच्या डोक्यावर टांगलेली असते.

१९०७ पर्यंत नियम असा होता की चारपैकी तीन अंतरं जिंकल्याशिवाय किताबच नाही. १९०६ आणि १९०७ या दोन्ही वर्षी कुणालाच ते जमलं नाही आणि जगज्जेत्याची जागा रिकामी राहिली. १९०८ पासून चारही अंतरांमधल्या क्रमांकांची बेरीज धरायला सुरुवात झाली, तीन जिंकणाऱ्याला मात्र किताब थेट मिळे. पाऊण मिनिटात संपणाऱ्या ५०० मीटरला लागणारा दणका आणि पंचवीस फेऱ्यांच्या १०,००० मीटरला लागणारा दम सहसा एका शरीरात सापडत नाही. मॅथिसनकडे दोन्ही होतं. चारही अंतरांचे जागतिक विक्रम त्याच्या नावावर लागले. माझ्या मते त्याच्या किताबांपेक्षाही ही गोष्ट मोठी आहे.

१९०८ आणि १९०९ मध्ये तो जगज्जेता होता. मग रशियाचा निकोलाय स्ट्रुन्निकोव्ह आला आणि १९१० व १९११ चे किताब घेऊन गेला. ट्रॉनहाइमला, जिथे मॅथिसननं पहिला किताब मिळवला होता तिथेच, स्ट्रुन्निकोव्हनं १९११ मध्ये चारही अंतरं जिंकली. मॅथिसन तेव्हा बावीस वर्षांचा होता. कारकिर्दीतला पहिला खरा निर्णयाचा क्षण मी इथे धरतो. दोन किताब झाले होते, स्वतःच्या देशात, स्वतःच्या लोकांसमोर प्रतिस्पर्ध्यानं काहीही शिल्लक ठेवलेलं नव्हतं. तो थांबला असता तरी कुणी नावं ठेवली नसती. तो थांबला नाही. स्ट्रुन्निकोव्ह त्या हंगामानंतर या स्पर्धांतून बाजूला झाला आणि १९१२, १९१३, १९१४ अशी सलग तीन वर्षं मॅथिसन जगज्जेता झाला. ही तीन वर्षं केवळ प्रतिस्पर्धी नसल्यामुळे मिळाली म्हणणाऱ्यानं त्याच्या वेळा पाहाव्यात.

१ फेब्रुवारी १९१३ ला क्रिस्टियानियात त्यानं १०,००० मीटर १७ मिनिटं २२.६ सेकंदांत पार केलं, म्हणजे दर फेरीला ४१.७ सेकंद, तेही पंचवीस फेऱ्या. हा विक्रम मोडायला १९२८ उजाडलं. पुढच्या वर्षी जानेवारीत डाव्होसला त्यानं ५०० मीटरला ४३.४ सेकंद आणि १५०० मीटरला २ मिनिटं १७.४ सेकंद अशी नोंद केली.

त्या १५०० मीटरवर जरा रेंगाळायला हवं. स्केटिंगमधलं हे सगळ्यात निर्दय अंतर. सुरुवातीचे ३०० मीटर आणि मग ४०० च्या तीन फेऱ्या. ५०० सारखं सगळं ओतून सुटावं तर शेवटच्या फेरीत मांड्या दगड होतात, राखून सुटावं तर गेलेला वेळ परत मिळत नाही. डाव्होस समुद्रसपाटीपासून सुमारे १५६० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा विरळ असते, त्यामुळे वेळा चांगल्या लागतात, हे मान्य. पण बर्फ उघड्यावरचा, नैसर्गिक. अंगात लोकरीचे कपडे, पायात कातडी बूट आणि त्यांना घट्ट बसवलेली लांब पाती. एवढ्या साधनांवर ताशी ३९ किलोमीटरहून जास्त वेगानं तो सव्वादोन मिनिटं गेला. पुढे हा विक्रम मिखाएल स्टाक्सरुडनं मोडला, १९३७ मध्ये, डाव्होसलाच. मॅथिसननं तो नोंदवला तेव्हा स्टाक्सरुड पाच वर्षांचा होता.

त्याच हिवाळ्यात बर्लिनला युरोपीय किताब आणि क्रिस्टियानियाला पाचवा जागतिक किताब. वय पंचवीस.

अडचण

ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं. नॉर्वे तटस्थ राहिला, तिथली मैदानं चालू राहिली. मॅथिसननं १९१५ मध्ये राष्ट्रीय किताब जिंकला. पण जागतिक आणि युरोपीय स्पर्धा बंद पडल्या त्या थेट १९२२ मध्ये सुरू झाल्या. १९१६ चं ऑलिंपिक बर्लिनला ठरलं होतं आणि त्यात बर्फावरच्या खेळांचा एक आठवडा घ्यायचं घाटत होतं, स्पीड स्केटिंगसह. तेही बुडालं. जगातला सर्वोत्तम स्केटर ऐन उमेदीत होता आणि त्याच्यासाठी स्पर्धाच नव्हती.

दुसरी अडचण पैशाची, आणि तिचं मूळ नियमात होतं. १८९२ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेच्या स्पर्धा फक्त हौशी खेळाडूंसाठी होत्या. कप घ्या, पदक घ्या, पण बर्फावर धावण्याचे पैसे घेतले की तुम्ही व्यावसायिक, आणि मग दार बंद. क्रिकेट वाचणाऱ्यांना ही विभागणी ओळखीची वाटेल. इंग्लंडात 'जंटलमेन' आणि 'प्लेयर्स' हा भेद १९६२ पर्यंत टिकला. तिथे निदान दोघे एकमेकांविरुद्ध आणि एकाच संघातूनही खेळू शकत. स्केटिंगमध्ये तेवढीही सोय नव्हती.

हा नियम कागदावरचा नव्हता, हे मॅथिसनच्या पिढीनं पाहिलेलं होतं. डच स्केटर याप एडन १८९३, १८९५ आणि १८९६ चा जगज्जेता, शिवाय सायकलिंगमधलाही जगज्जेता. १८९६ मध्ये तो सायकलपटू म्हणून व्यावसायिक झाला आणि त्याचं स्केटिंग तिथेच संपलं. पैसे सायकलचे, शिक्षा बर्फावर. ताजं उदाहरण अमेरिकेच्या जिम थॉर्पचं होतं. स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्यानं दोन सुवर्णपदकं जिंकली, आणि आधी कधीतरी बेसबॉल खेळून किरकोळ मानधन घेतलं होतं एवढ्यावरून १९१३ मध्ये ती काढून घेतली गेली.

क्रिस्टियानियातल्या फ्रॉग्नरच्या मैदानावर मॅथिसनला बघायला हजारो माणसं थंडीत उभी राहत. ती गर्दी त्याच्यामुळे होती. तिच्यातून मिळणाऱ्या पैशावर मात्र त्याला हक्क सांगता येत नव्हता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, वाट पाहायची. हौशी राहायचं, देशातल्या स्पर्धा खेळायच्या, युद्ध संपलं की पुन्हा जागतिक किताबासाठी उतरायचं. आज हा पर्याय सगळ्यात शहाणपणाचा दिसतो, कारण युद्ध १९१८ मध्ये संपलं, स्पर्धा १९२२ मध्ये परत आल्या आणि १९२४ मध्ये फ्रान्समधल्या शामोनीला पहिलं हिवाळी ऑलिंपिक झालं हे आपल्याला ठाऊक आहे. १९१६ च्या सुरुवातीला यातलं काहीच ठाऊक असणं शक्य नव्हतं. युद्ध संपण्याचं चिन्ह नव्हतं. हिवाळी ऑलिंपिक नावाची गोष्ट अस्तित्वातच नव्हती. मॅथिसन सत्तावीस वर्षांचा होता, आणि स्केटरची कारकीर्द तिशीपर्यंत ओढली तर पुष्कळ, असं त्याला वाटलं असेल तर त्यात नवल नाही.

या पर्यायाच्या बाजूनं एक भक्कम पुरावा मात्र त्याच्या स्वतःच्या पायात होता. १९१६ मध्येच ट्रॉनहाइमला त्यानं ५,००० मीटर ८ मिनिटं ३६.३ सेकंदांत पार करून जागतिक विक्रम केला. याप एडननं १८९४ मध्ये हमारला ८ मिनिटं ३७.६ सेकंदांची वेळ दिली होती आणि ती १९११ पर्यंत, सतरा वर्षं, कुणाला मोडता आली नव्हती. इतक्या चिवट अंतरावर तो अजून सेकंदाचे अंश काढत होता. त्याचा वेग उतरणीला लागला होता असं म्हणायला जागाच नाही. घोळ फक्त कॅलेंडरचा होता. निर्णय घेताना या दोन गोष्टींची गल्लत होणं फार सोपं असतं. स्पर्धा नाही म्हणजे आपलं काही उरलं नाही, असं मनाला वाटू लागतं.

दुसरा पर्याय निवृत्तीचा. पाच किताब, चार अंतरांचे विक्रम, सन्मानानं बाजूला. यात जोखीम शून्य आणि हाती येणारंही शून्य. विक्रम करत असलेल्या माणसाला हा पर्याय सुचवणं मला तरी जमलं नसतं.

तिसरा पर्याय व्यावसायिक होण्याचा. अमेरिकेत पैसे लावून होणाऱ्या शर्यती होत्या, तिथे बॉबी मॅक्लीनसारखा नावाजलेला स्केटर होता. नावाला किंमत मिळाली असती आणि धावणंही चालू राहिलं असतं. तोटे दोन. एक, परतीचा रस्ता नाही. दुसरा तोटा खेळाच्या आतला आहे आणि त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. अमेरिकी स्केटिंग वेगळं होतं. तिथे सगळे एकाच रेषेतून एकदम सुटत, रिंक लहान, वळणं आवळलेली. कुणाच्या पाठीमागे लपून वारा चुकवायचा, वळणावर आतून कुठे घुसायचं, कोपर कसं सांभाळायचं, कधी उसळी मारायची, यावर शर्यत ठरे. मॅथिसनची अख्खी तालीम ४०० मीटरच्या मोकळ्या मैदानावर, आपल्या लेनमध्ये, घड्याळाशी झुंजण्याची. म्हणजे व्यावसायिक होताना तो नुसता शिक्का बदलणार नव्हता, जवळजवळ दुसऱ्याच खेळात शिरणार होता.

चौथाही पर्याय विचारात घ्यायला हवा : नियम बदलून घेण्याचा. प्रवासखर्च, बुडालेल्या रोजगाराची भरपाई, अशा काही गोष्टींवर संघटनेकडे आग्रह धरण्याचा. पण आंतरराष्ट्रीय संघटनेचे सदस्य देश एकमेकांशी लढत असताना नियमांवर चर्चा कोण आणि कुठे करणार? १९१६ मध्ये हा पर्याय नावापुरताच होता.

काय केलं

मॅथिसन १९१६ मध्ये व्यावसायिक झाला. अमेरिकेत गेला, तिथल्या स्केटरांविरुद्ध त्यांच्या पद्धतीच्या शर्यतींत उतरला. युद्धानंतर, १९२० मध्ये, त्याची आणि मॅक्लीनची गाठ क्रिस्टियानियात पडली. व्यावसायिकांमधला जगज्जेता ठरवणारी ती लढत होती, आणि ती युरोपातल्या मैदानावर झाली. मॅथिसननं ती जिंकली. एकतीस वर्षांचा होता तो.

या लढतीला मी या प्रकरणात महत्त्व देतो. व्यावसायिक झालेला खेळाडू म्हणजे तमाशातला पैलवान, असा समज तेव्हा सरसकट होता. मॅथिसननं घरच्या लोकांसमोर खरीखुरी शर्यत धावून दाखवली. पण त्यातच मर्यादाही दिसते. व्यावसायिक स्केटिंगला मागे उभी राहणारी संघटना नव्हती, दरवर्षी ठरलेल्या तारखांना भरणारी स्पर्धा नव्हती. दोन मोठी नावं समोरासमोर आली की गर्दी, नाहीतर पुढचं आमंत्रण येईपर्यंत वाट पाहणं. पुरेसे प्रतिस्पर्धी नसतील तर पैसे मिळत असूनही खेळाडूला धार लावायला कुणी उरत नाही.

परिणाम

१९२२ मध्ये जागतिक स्पर्धा पुन्हा सुरू झाली, आणि पुन्हा त्याच क्रिस्टियानियात. नॉर्वेचाच हाराल्ड स्ट्रॉम जिंकला. मॅथिसन त्या स्पर्धेत उतरू शकत नव्हता.

मग जानेवारी १९२४, शामोनी. ५०० मीटरचं सुवर्ण अमेरिकेच्या चार्ल्स ज्यूट्रॉला, वेळ ४४.० सेकंद. १५०० मीटर फिनलंडच्या क्लास थुनबर्गला, २ मिनिटं २०.८ सेकंद. ५,००० पुन्हा थुनबर्गला, ८ मिनिटं ३९ सेकंद. १०,००० फिनलंडच्याच युलियस स्कुटनाबला, १८ मिनिटं ४.८ सेकंद. आता मॅथिसनच्या १९१३ ते १९१६ मधल्या वेळा शेजारी ठेवा : ४३.४ सेकंद, २ मिनिटं १७.४, ८ मिनिटं ३६.३, १७ मिनिटं २२.६. चारही अंतरांत सुवर्णपदकाची वेळ त्याच्या जुन्या विक्रमाहून हळू आहे. १०,००० मीटरमध्ये तर फरक ४२ सेकंदांचा, म्हणजे त्याच्या वेगानं एक अख्खी फेरी. त्या वर्षी नॉर्वेला स्पीड स्केटिंगमध्ये एकही सुवर्ण मिळालं नाही.

वेगवेगळ्या ठिकाणच्या बर्फावरच्या वेळांची तुलना जपून करावी लागते. वारा, थंडी, उंची, बर्फाचा कठीणपणा, सगळ्यानं सेकंद बदलतात. तरी १५०० मीटरचं पुढचं वाचलं की मान्य करावंच लागतं. १९३६ मध्ये विजेत्याची वेळ २ मिनिटं १९.२. १९४८ मध्ये, सेंट मॉरिट्झसारख्या उंच ठिकाणी, स्वेरे फार्स्टा २ मिनिटं १७.६. १९५२ मध्ये ओस्लोला याल्मार आंदरसन २ मिनिटं २०.४. मॅथिसनच्या १९१४ च्या वेळेखाली ऑलिंपिक विजेता पहिल्यांदा गेला तो १९५६ मध्ये.

'तोवर त्याचं वय झालंच असतं' हा युक्तिवाद नेहमी पुढे येतो. १९२४ मध्ये मॅथिसन पस्तीस वर्षांचा होता. १०,००० मीटर जिंकणारा स्कुटनाब १८८९ च्या जूनमधला, म्हणजे त्याच्याहून जेमतेम आठ महिन्यांनी लहान. थुनबर्गनं १९२८ मध्ये आणखी दोन सुवर्णपदकं मिळवली तेव्हा तोही पस्तिशीला टेकला होता. आणि मॅथिसन स्वतः? १९२९ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, डाव्होसला त्यानं ५०० मीटर ४३.० सेकंदांत मारलं. १९१४ मधल्या आपल्या विक्रमापेक्षा चांगली वेळ. १९२८, १९३२ आणि १९३६ या तिन्ही ऑलिंपिकमध्ये ५०० मीटरचं सुवर्ण ४३.४ सेकंदांवर गेलं होतं. वयाचा मुद्दा माझ्या दृष्टीनं इथे निकालात निघतो.

पण पैलू आणखी एक आहे. हौशी राहून त्यानं सहा वर्षं नुसती सराव करत काढली असती, तर तो १९२४ मध्ये असाच उरला असता का? पैशाच्या शर्यतींनी त्याला बर्फावर ठेवलं, मॅक्लीनसाठी तयार व्हायला लावलं. चाळिशीतले ४३.० सेकंद त्या वर्षांचीही कमाई असू शकतात. एकाच पुराव्यातून दोन विरुद्ध अर्थ निघतात आणि दोन्ही टाकून देता येत नाहीत.

एप्रिल १९५४ मध्ये मॅथिसननं आपल्या पत्नीचा जीव घेतला आणि आत्महत्या केली. अडतीस वर्षांपूर्वीच्या निर्णयाशी याचा संबंध जोडायला आधार नाही, आणि मी तो जोडत नाही. पण त्याचं नाव गौरवानं घेताना एका स्त्रीचा बळी गेला हे झाकून ठेवणं मला मान्य नाही. पाच वर्षांनी, १९५९ मध्ये, शिल्पकार आर्ने डुर्बाननं घडवलेला त्याचा पुतळा फ्रॉग्नरला उभा राहिला, आणि त्याच पुतळ्याची छोटी प्रतिकृती वर्षातल्या सर्वोत्तम स्पीड स्केटिंग कामगिरीला द्यायला सुरुवात झाली. पहिला मानकरी नॉर्वेचाच क्नुट योहानेसन.

वेगळं काय करता आलं असतं

मॅथिसनच्या बाजूनं पाहिलं तर मला एकच जागा सापडते. निर्णयाला मुदत लावण्याची. 'युद्ध चालू आहे तोवर देशातल्या स्पर्धा, विक्रमांवर लक्ष, आणि अमुक हंगामापर्यंत काही हललं नाही तर व्यावसायिक' असं स्वतःशी ठरवता आलं असतं. ज्या पावलाला परतीचा रस्ता नाही ते जितकं उशिरा टाकता येईल तितकं बरं, विशेषतः वेळा अजून सुधारत असताना. अमेरिकी व्यावसायिक शर्यती दोन वर्षांनीही तिथेच असणार होत्या. अर्थात दोन वर्षं थांबण्याचा खर्च कुणी उचलायचा, हा प्रश्न उरतोच, आणि तो खेळाडूवर टाकून मोकळं होता येत नाही.

त्यामुळे जास्त जबाबदारी मी संघटकांवर ठेवतो. युद्धकाळात तटस्थ देशांमधल्या स्पर्धांना दर्जा देणं, प्रवास आणि बुडालेली मजुरी भरून देणं, व्यावसायिक झालेल्याला ठरावीक काळानं परत घेण्याची तरतूद ठेवणं, यातलं काही ना काही करता आलं असतं. ज्याच्यामुळे मैदान भरतं त्याला एकतर फुकट धाव नाहीतर कायमचा जा, एवढंच सांगणारा नियम हा खेळाचं रक्षण करणारा नियम नव्हे. त्या नियमानं १९२४ मध्ये सर्वोत्तम स्केटरला ऑलिंपिकबाहेर ठेवलं.

नियम तसाच राहिला आणि प्रकरण पुन्हा घडलं. नेदरलँड्सच्या आर्द स्खेंकनं १९७० ते १९७२ सलग तीन वर्षं मॅथिसनच्या नावाचा तो छोटा पुतळा मिळवला, आणि १९७२ मध्ये साप्पोरोला १५००, ५,००० व १०,००० मीटरची तीन सुवर्णपदकं जिंकली. लगेच तो नव्या व्यावसायिक लीगमध्ये गेला. हौशी स्पर्धांचं दार त्यालाही बंद झालं. लीगला ठरलेल्या तारखा होत्या, संघटना होती, मॅथिसनकडे नसलेलं बरंच काही होतं. दोन हंगामांत ती गुंडाळली गेली. स्खेंकनं मात्र निघण्याआधी ऑलिंपिकची तिन्ही सुवर्णपदकं खिशात टाकली होती. मॅथिसनला १९१६ मध्ये तशी संधी कोणत्याच पर्यायात नव्हती.